तिसरं वाक्य

१

आधी आमचं काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

ताई आणि मी, आम्ही दोघी मिळून शब्द शिकवायचो. इंग्रजी शब्द. एका शिकवणीच्या ॲपसाठी, रोज एक, नुसता आवाज, व्हिडिओबिडिओची भानगड नाही. लोक भांडी घासता घासता ऐकायचे. साचा ठरलेला होता: शब्द, अर्थ, उगम, उपयोग. पहिलं सगळं ताई करायची, कारण ती भाषाशास्त्र शिकली होती, आणि मी जे शिकले त्याचा उपयोग अजून कुणाला सापडलेला नाही. उपयोगाला मात्र दोघी. तीन वाक्यं. दोन तिची, तिसरं माझं. माझं वाक्य पसंत पडलं की ती टेबलावर बोटाने एकदा टक् करायची आणि म्हणायची, "झालं. शब्द आता तुमचा." की रेकॉर्डिंग बंद.

वाक्यांबद्दल तिचा एक नियम होता. वाक्य खरं पाहिजे. खरं म्हणजे अगदी खरंखुरं: ह्याच घरात, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं. आणि आधी मराठीत, त्यात तो इंग्रजी शब्द बसवून. "शब्द आधी आपल्या घरी राहायला आणायचा," ती म्हणायची, "चहापाणी करायचं, ओळख झाली की मग त्याच्या घरी सोडून यायचं." ह्या नियमापायी आमच्या घराची पार लक्तरं वेशीवर टांगली गेली. प्रोक्रॅस्टिनेट, म्हणजे चालढकल करणं, शिकवताना माझी आंघोळ कामी आली. ऑब्स्टिनेट, म्हणजे हट्टी, ह्याला आईची न उघडणारी बरणी. अख्ख्या ॲपला माहीत होतं की ह्या घरात तिघी राहतात, बाबा फोटोत आहेत आणि धाकटी मोबाइल घेऊन बाथरूममध्ये जाते.

कधीकधी मला कंटाळा यायचा. मग मी एखादं तयार वाक्य ठोकून द्यायचे, 'एक माणूस बाजारात गेला' टाइपचं. ती लगेच बोट वर करायची. "हं-हं. पाहिलंस का तू? नाही ना. परत."

मला ती टकळी म्हणायची. का, ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

रेकॉर्डिंग तिच्या खोलीत, दुपारचं, बिल्डिंग जेवून आडवी झाली की. स्टुडिओ वगैरे परवडणारी मंडळी नव्हे आम्ही. खोलीत दोऱ्या बांधून चारी बाजूंनी रजया सोडल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. आत एक टेबल, माइक, दोन स्टुलं. आम्ही त्याला तंबू म्हणायचो. ताई समोर बसायची, मागच्या रजईला पाठ टेकून, एका पायावर दुसरा पाय ठेवून, बगळ्यासारखी. बाहेरून बघितलं तर रजईला पाठीचा फुगवटा आलेला दिसायचा. आई म्हणायची, "रजईला पोट सुटलंय बघ."

त्या दुपारी शब्द होता लिंगर. ताईने शब्द सांगितला, अर्थ सांगितला, उगम सांगितला. मग कपाळ दाबलं. "डोकं ठणकतंय गं. वाक्यं उद्या करू."

डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती, असं डॉक्टर म्हणाले. उद्या झाला तेव्हा ती नव्हती.

२

ॲपच्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. बिचाऱ्या फार अवघडल्या होत्या. "अगं, तुला त्रास द्यायचा नाहीये मला. पण तो शेवटचा अर्धा शब्द आहे ना, तो तू पूर्ण करशील का? लोक विचारतात गं तिच्याबद्दल. तिच्या आवाजातला शेवटचा म्हणून लावू. वाक्यं तू म्हण तिन्ही."

मी हो म्हटलं. मी कशालाही हो म्हणते, ताईचं म्हणणं होतं की मला 'नाही' हा शब्द अर्थ-उगम-उपयोगासकट शिकवायला हवा.

तिची खोली तेव्हापासून बंदच होती. आई आत जात नव्हती. दारापर्यंत यायची, कडीला हात लावायची, आणि काहीतरी आठवल्यासारखं करून स्वयंपाकघरात परत जायची. मी पाहिलं होतं ते, पण दोघींनीही विषय काढला नव्हता. आम्ही दोघी त्या काळात पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल खूप बोलायचो.

आत गेले. तंबू तसाच. रजयांना धुळीचा वास. माझ्या स्टुलावर बसले, हेडफोन लावला, फाइल उघडली, आणि ताई बोलायला लागली.

"आजचा शब्द, लिंगर. अर्थ: रेंगाळणं, घुटमळणं. निघायची वेळ झालीय, माणूस चपला घालून दारात उभा आहे, पण निघत नाही, ते लिंगर. उगम: हा शब्द लाँग, म्हणजे लांब, ह्याच्या गोतावळ्यातला. जुन्या इंग्रजीत ह्याच्या मुळाचा अर्थ होता लांबवणं. मग त्याचा अर्थ झाला नुसतं राहणं, मुक्काम करणं. आणि पुष्कळ काळ गेल्यावर आजचा अर्थ आला: निघायचंय, पण मन नाही, म्हणून हळूहळू निघणं."

इथे फाइल संपते, मला माहीत होतं. म्हणजे संपायला हवी होती. पुढे थोडी शांतता होती. आणि त्या शांततेत, लांबून, टिंग असा आवाज आला.

मी हेडफोन काढला. आमच्या लिफ्टचा आवाज आहे तो. आमच्या मजल्यावर थांबली की टिंग वाजतं. मग मला हसू आलं, की आत्ता खरंच लिफ्ट आली असणार आणि हेडफोनमधून ऐकू आली. मागे घेऊन परत लावलं. परत तिथेच, टिंग.

सांगण्यासारखं एवढंच होतं की ती लिफ्ट नवीन आहे. ताई असताना जाळीच्या दाराची जुनी होती, खडखड करत यायची आणि अर्धी बिल्डिंग जागी करायची. नवीन बसवली ती ताई गेल्यानंतर.

३

माझा एक मित्र आवाजाचं काम करतो. जाहिराती, लग्नाचे व्हिडिओ, जे येईल ते. त्याचे कान इतके तिखट आहेत की आम्ही त्याला कानसेन म्हणतो. त्याच्याकडे गेले तेव्हा तो पाण्याच्या टाकीच्या जाहिरातीतून एका गायकाची शिंक काढत होता.

"फाइल नंतर कुणी हाताळलीये का?" त्याने विचारलं.

"कोण हाताळणार? खोलीला कुलूपच होतं म्हण ना."

"मग कुणाचा तरी मायक्रोवेव्ह असेल. टिंग काय तुमच्या लिफ्टच्या बापाचं आहे का?"

मला एकदम हलकं वाटलं. मायक्रोवेव्ह. शेजाऱ्यांकडे आहेच की. मी इतकी मूर्ख आहे, हे ऐकायला मी एवढ्या लांब आले होते आणि पैसे वसूल झाले.

पण कानसेन ऐकतच राहिला. टिंगच्या पुढचा भाग, जिथे काहीच नाही. त्याने आवाज वाढवला, डोळे मिटले. त्याच्या खोलीत एसीची घरघर होती, ती त्याने बंद केली. मग सावकाश हेडफोन काढला आणि शर्टाला पुसला, घाम नव्हता तरी.

"काय झालं?"

"काही नाही. रिकाम्या खोलीची शांतता सपाट असते. पाट्यासारखी. ही तशी नाहीये."

"मग कशी आहे?"

"एखादा माणूस बोलायच्या आधी श्वास आत घेतो ना, घेतलाय आणि सोडलेला नाही, अशी आहे." मग तो हसला. "जाऊ दे, माझी झोप झालेली नाही. शिंक काढून काढून डोकं गेलंय."

मी घरी पोचायच्या आत त्याचा मेसेज आला होता. 'तुझी फाइल माझ्या मशीनवरून काढून टाकली. राग मानू नकोस.'

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा बसले. आता मला फक्त तीन वाक्यं म्हणायची होती आणि मॅडमना पाठवून द्यायचं होतं. पण आधी एकदा ताईचा भाग ऐकावा म्हणून प्ले केलं. खरं सांगायचं तर मला तिचा आवाज ऐकायचा होता. बाकी सगळी कारणं नंतर लावलेली.

अर्थ झाला. उगम झाला. टिंग झालं. आणि मग, अगदी नेहमीच्या आवाजात, "उपयोग," ताई म्हणाली. "एक. आई ह्या खोलीच्या दाराशी रोज लिंगर करते. कडीला हात लावते, पण आत येत नाही."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, तिने कधीतरी आधी रेकॉर्ड करून ठेवलं असणार, हुशार होती ती, पुढचं करून ठेवायची सवय होती. पण ताई असताना ह्या दाराला कडी कधी लागलीच नव्हती, आणि आई तर दिवसभर आत-बाहेर करायची, ताईचे कपड्यांचे ढीग उचलायला.

"दोन. नवीन लिफ्ट आमच्या मजल्यावर लिंगर करते. दार उघडतं. कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही. दार उघडंच राहतं."

मग शांतता. त्यात स्टूल करकरलं, ती पुढे वाकायची तेव्हा करकरायचं तसं. आणि माइकच्या जवळ येऊन,

"टकळे. तुझं."

तुम्हाला वाटेल मी किंचाळले असेन. मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबला आणि रडले, आणि रडताना हसले, कारण ते 'टकळे' तिने अगदी तसंच म्हटलं होतं, 'ट' वर टपली मारल्यासारखं. ती गेल्यापासून मला कुणी त्या नावाने हाकच मारली नव्हती.

डोळे पुसून दार उघडलं तर बाहेर आई. हात कडीपाशी.

"काही नाही," आई म्हणाली, "चहा घेतेस का विचारायला आले होते."

५

आता मला तिसरं वाक्य द्यायचं होतं. रेकॉर्डचं बटण दाबायचं, फाइलच्या टोकापासून पुढे बोलायचं, बस. खरं वाक्य डोळ्यांपुढे नाचत होतं, घरभर नुसता लिंगरच भरला होता.

बटणावर बोट ठेवलं आणि मला आठवलं की तिसऱ्या वाक्यानंतर काय असतं. टक् असतं. 'झालं' असतं. मग रेकॉर्डिंग बंद.

मी बटण दाबलं आणि म्हणाले, "तीन. एक माणूस बाजारात लिंगर करतो."

थांबवलं. मागे घेतलं. ऐकलं. माझं वाक्य, आणि त्याच्या पाठोपाठ, मी बोलत असताना खोलीत मुळीच नसलेला आवाज: "हं-हं. पाहिलंस का तू? नाही ना. परत."

अहो, मी इतकी खूश झाले की बास.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "एक राजा राजवाड्यात लिंगर करतो." तर म्हणे, "राजा? तुझा आणि राजाचा काय संबंध? पत्त्यांतला सुद्धा तुझ्याकडे कधी टिकत नाही. परत." तिसऱ्या दिवशी पुन्हा माणूस आणि बाजार काढला. "टकळे, त्या माणसाला घरदार नाही का? पाय दुखले असतील त्याचे. परत."

मी दिवसभर खोटी वाक्यं जुळवायचे. एकाहून एक टुकार. आंघोळ वेळेवर करायचे, केस विंचरायचे, जेवण उरकून दुपारची वाट बघायचे. एखाद्याशी भेट ठरलेली असावी तसं. मॅडमचा फोन आला की म्हणायचे, आवाज नीट येत नाहीये, अजून थोडं काम आहे. त्या म्हणायच्या, सावकाश कर गं.

आईसुद्धा त्या दिवसांत बरी दिसायला लागली होती. जेवत होती. दुपारची आडवी व्हायची ती सोडून भाजीचं ताट घेऊन बाहेर पॅसेजमध्ये बसायची, देठं मोडता मोडता काहीतरी गुणगुणायची. मला वाटलं, काळ जखमा भरतो म्हणतात तसं असेल. मला तिच्याकडे नीट बघायला वेळ कुठे होता?

६

आधी थट्टा गेली. 'परत' होतं, पण त्याच्या आधी राजाला, माणसाला शिव्या नव्हत्या. म्हटलं, ठीक आहे, मूड नसेल.

मग 'पाहिलंस का तू' गेलं. नुसतं "हं-हं. परत."

मग एक दिवस तिने मला हाक मारायचा प्रयत्न केला आणि तिला ती सापडली नाही. "ट," ती म्हणाली. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "ट." मग दमल्यासारखं, "तू. परत."

आवाजही बदलत होता. कोरडा पडत होता. माइकच्या फार जवळ यायला लागला होता, इतका की शब्दाआधी ओठ सुटल्याचा चिकट आवाज यायचा. तुमच्याकडे कोणी पाहुणा निघायला म्हणून उठून उभा राहतो, आणि तुम्ही बोलणं संपवतच नाही, त्याला बस असंही म्हणत नाही. तो ह्या पायावरून त्या पायावर होत राहतो. तसं काहीतरी त्या आवाजात होतं. आणि खाली, फरशीवर, पाय सरकल्याचा आवाज. घसरला, ठेवला. घसरला, ठेवला.

मी स्वतःला समजावलं की फाइल खराब होतेय. एकच फाइल रोज इतक्यांदा उघडली, जोडली, तर खराब होणारच. कानसेनला फोन केला, त्याने उचलला नाही. नवीन खोटं वाक्य म्हटलं. ते म्हणताना मला माझीच लाज वाटत होती, तरी म्हटलं. न म्हणून काय करणार होते? खरं म्हटलं की ती जाणार. एकदा मी तिला जाताना काहीच म्हणू शकले नव्हते. आता म्हणायचं की नाही हे माझ्या हातात होतं, आणि हातात आलेलं मी सोडतेय होय?

त्या दुपारी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि पाण्याची बाटली उघडली.

"परत," ती म्हणाली.

हेडफोन टेबलावर होता. कॉम्प्युटरवर फाइल थांबलेली होती.

मी बाटली बंद केली. झाकण नीट बसवलं. दोनदा बसवलं. समोरचं स्टूल रिकामं होतं, आणि त्याच्या मागची रजई सरळ होती. मी बघितलं, अगदी नीट बघितलं. सरळ होती.

७

दुसऱ्या दिवशी जाऊ नये असंच ठरवलं होतं. दुपार झाली आणि गेले.

तंबूत शिरताना मी तिच्या बाजूच्या रजईकडे बघितलं नाही. माझ्या स्टुलावर बसले, डोळे टेबलावर. टेबलावर तिच्या चहाच्या कपाचा गोल डाग होता, त्याच्याकडे बघत राहिले. कॉम्प्युटर चालू करायच्या आतच सुरू झालं.

"परत."

मी अजून काही म्हटलंच नव्हतं.

"परत. परत."

तो आवाज ताईचा होता, म्हणजे ताईच्या आवाजापासून बनलेला होता. पण ती 'परत' म्हणायची तेव्हा तिला पुढे काहीतरी हवं असायचं, माझ्याकडून, एखादं बरं वाक्य. ह्याला काही हवं नव्हतं. शब्द तेवढा उरला होता. अर्थ गेला, उगम गेला, उपयोग गेला. रिकाम्या घरात नळ ठिबकतो तसं ते म्हणत होतं, "परत."

मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ती मला काही करील ह्याची नाही. उद्या मी आले आणि 'परत' पण नसलं, नुसता तो आत धरलेला श्वास असला, आणि त्याला आपण का थांबलोय हेही आठवत नसलं, तर? आणि मी रोज येत राहिले, तर?

मी वर बघितलं.

रजईला पाठीचा फुगवटा होता. बाहेरून आत आलेला. म्हणजे ती स्टुलावर आत बसलेली नव्हती, रजईच्या पलीकडे होती, पाठ माझ्याकडे करून, दाराकडे तोंड करून. हळूहळू नजर खाली नेली. रजई जमिनीपर्यंत पोचत नाही, टीचभर वर असते. त्या फटीत एका पायावर दुसरा पाय. वरचा पाय घसरत होता. उचलून पुन्हा वर ठेवला जात होता. पुन्हा घसरत होता. बोटं ताईची होती. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून मोठं, त्यावरून मी तिला चिडवायचे. रंगाबद्दल मी सांगणार नाही.

इतकी दमली होती ती. मी दारात उभं करून ठेवलं होतं तिला, चपलेविना.

रेकॉर्ड दाबलं. वाक्य जुळवावं लागलं नाही. डोळ्यांपुढेच होतं.

"तीन," मी म्हणाले. "माझी ताई केव्हाची निघालीय. मी तिसरं वाक्य देत नाही, म्हणून ती लिंगर करतेय."

घसरणारं पाऊल थांबलं.

मग तो श्वास सुटला. कानसेनने ऐकला होता तो, इतके दिवस आत धरलेला. सुटतच राहिला, सुटतच राहिला, चारी रजया हलल्या. आणि टेबलावर, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, जिथे कोणी नव्हतं तिथे, टक्.

"झालं," ताई म्हणाली. तिचा आवाज. पूर्ण, नेहमीचा, थोडा खट्याळ. "शब्द आता तुझा."

तुझा म्हणाली की तुमचा, हे मी नंतर कितीतरी वेळा आठवून बघितलं. मला तुझा ऐकू आलं. पण मला तसं ऐकायचंच होतं, त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवू नका.

रजई सपाट झाली. सावकाश, कोणी टेकलेली पाठ काढून घ्यावी तशी. फटीत नुसती फरशी. मग बाहेर लिफ्ट आली. टिंग. दार उघडल्याचा आवाज, आणि पुढे काही नाही. मग दार लागलं.

मी फाइल मागे घेऊन लावली. अर्थ होता, उगम होता. पुढे कोरी, पाट्यासारखी सपाट शांतता. लिफ्ट नाही, उपयोग नाही, टकळे नाही, माझी खोटी वाक्यंही नाहीत. शेवटी तेवढं माझं वाक्य, एकटं.

८

बाहेर आले. आई पॅसेजमध्ये, भिंतीला टेकून, मांडीवर भाजीचं ताट. बराच वेळ बसलेली असावी, मोडलेल्या देठांचा ढीग झाला होता.

"आज तुमचं लवकर आटपलं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"तुम्हा दोघींचं." आईने वर बघितलं नाही. "मला काय इंग्रजी कळतंय. पण ती तुला परत परत म्हणायची ना, मला हसू यायचं. लहानपणी पाढे घ्यायची तुझे, तेव्हाही अशीच मागे लागायची. मध्ये आवाज बसला होता तिचा. आज चांगला स्वच्छ आला. झालं म्हणाली." तिने एक देठ मोडलं. "आत यावंसं वाटायचं गं. पण रेकॉर्डिंगच्या वेळी दार उघडलेलं तिला चालत नाही."

मी तिला विचारलं नव्हतं. मी दार लावून घेतलं होतं, वाक्य म्हटलं होतं, आणि आत येतेस का, असं आईला एकदाही विचारलं नव्हतं.

"उद्या कोणता शब्द आहे?" आई म्हणाली.

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. ती माझ्या उत्तराची वाट बघत माझ्या मागच्या दाराकडे बघत होती. मग तिने ताट जवळ ओढलं, आणि निवडून झालेली भाजी पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागली.